सेकंडहँड पिस्तूल-रिव्हॉल्व्हर घेताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नेमबाजीच्या सरावावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा एकच सूर आहे, की नवीन हँडगन परवडत नाही, मग वापरलेली घ्यावी का, आणि घेतली तर फसणार नाही ना. लायसन्सचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, म्हणून ते तुमच्या तिथल्या ऑफिसातच विचारा. इथे मी फक्त कुठेही लागू पडेल असंच लिहितोय.

प्रश्न: लायसन्स हातात आलंय पण बजेट कमी आहे. जुनी घेणं शहाणपणाचं आहे की थांबून नवीनच घ्यावी?

जुनी घ्या, बिनधास्त घ्या, पण नीट बघून. चांगल्या स्टीलची हँडगन लवकर मरत नाही. स्मिथ अँड वेसनची मिलिटरी अँड पोलीस रिव्हॉल्व्हर १८९९ साली आली, पुढे तिलाच मॉडेल १० म्हणायला लागले, आणि तिच्या कित्येक दशकं जुन्या प्रती आजही रेंजवर सरळ गोळी टाकतात. बहुतेक लोकांच्या हातून आयुष्यभरात फार राउंड उडतच नाहीत, कपाटात पडून असते, त्यामुळे झिजण्यापेक्षा गंजून खराब झालेल्याच जास्त बघायला मिळतात.

सगळ्यात फायद्याचा माल म्हणजे पोलीस खात्यांनी नवीन मॉडेल घेताना परत केलेली पिस्तुलं. ती रोज होल्स्टरमध्ये घालून काढून बाहेरून घासलेली असतात, नळीच्या तोंडाशी आणि कडांना रंग उडालेला असतो, पण सरावाचे ठराविक राउंड सोडले तर फार उडवलेली नसतात. बाहेरून कळकट, आतून तरुण, आणि दिसायला वाईट म्हणून किंमतही खाली. फक्त त्यावर रात्री चमकणारे साइट्स (नेम धरायच्या खुणा) असले तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका, कारण त्यात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी वायू असतो आणि तो साधारण १२ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे १२ वर्षं जुने साइट्स निम्मेच उजळ आणि २४ वर्षांचे पाव.

बजेट काढताना नुसती पिस्तुलाची किंमत धरू नका. कुलपाची तिजोरी, चांगलं होल्स्टर, कानाचं संरक्षण, चष्मा, दोन नवीन मॅगझीन (काडतुसं भरायची पेटी), गनस्मिथची म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याची तपासणी आणि एखादा ट्रेनिंग कोर्स, हे सगळं आधी लिहून काढा आणि उरेल ते पिस्तुलाला. आणि काडतुसं! नियमित सराव करणाऱ्याचा काडतुसांचा खर्च काही काळात पिस्तुलाच्या किमतीच्या पुढे जातो, म्हणून मूळ उद्देश शिकणं आणि टार्गेट मारणं असेल, आणि तुमच्या लायसन्सवर चालत असेल, तर २२ लाँग रायफल काडतुसावर चालणारं वापरलेलं पिस्तूल घ्या. धक्का कमी, आवाज कमी, काडतूस स्वस्त, आणि हात लवकर बसतो.

मॉडेल निवडताना भरपूर खपलेलंच निवडा. ग्लॉक १७, बेरेटा ९२, सीझेड ७५, १९११ पॅटर्नची पिस्तुलं, यांचे स्प्रिंग, मॅगझीन, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) कुठेही मिळतात. बंद पडलेल्या कंपनीचं दुर्मीळ पिस्तूल स्वस्तात मिळालं तरी एक छोटा पार्ट मोडला की ते तसंच पडून राहतं. हौशी संग्राहकांची गोष्ट वेगळी.

प्रश्न: ओळखीतला एक जण निम्म्या किमतीत रिव्हॉल्व्हर देतोय, म्हणतो कागद नंतर करू. घेऊ का?

नको. हातातही घेऊ नका.

हे मी कठोरपणे सांगतोय कारण याच जागी चांगली माणसं आयुष्याची वाट लावून घेतात. कागद आधी, पैसे मग, आणि वस्तू सगळ्यात शेवटी, हाच क्रम. विकणाऱ्याच्या नावावर ती आहे का, कागदावरचा सिरीयल नंबर आणि फ्रेमवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळतो का, कॅलिबर म्हणजे काडतुसाचं माप तुमच्या लायसन्सवर बसतं का, हे बघा आणि व्यवहार अधिकृत डीलरमार्फत किंवा तिथला कायदा सांगेल त्या ऑफिसातूनच करा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला, किंवा नंबराच्या जागी धातू जरासा खोलगट दिसला तर तिथून निघा. फार जुन्या काही हँडगनवर मुळातच नंबर नसतो हे खरं आहे, अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्यानंतर तो सक्तीचा झाला, पण तसली वस्तू खरी आहे की घासलेली हे ठरवणं तुमचं काम नाही, ते तज्ज्ञावर आणि पोलिसांवर सोडा. आणि कोणी म्हणालं की माझ्यासाठी तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो, तर तो सख्खा भाऊ असला तरी नाहीच म्हणायचं, बऱ्याच देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रश्न: दुकानात गेल्यावर डीलर रिव्हॉल्व्हर हातात देतो आणि मी नुसतं उलटसुलट करून परत करतो. नक्की बघायचं काय?

पहिलं काम, ती रिकामी आहे का ते स्वतः बघा. डीलरने आत्ताच बघितली असली तरीसुद्धा. सिलिंडर उघडा, प्रत्येक घर डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. नळीचं तोंड पूर्ण वेळ सुरक्षित दिशेला, माणसाकडे कधीच नाही. पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, आणि डीलरला विचारून, कारण काहींना रिकामा ट्रिगर ओढलेला आवडत नाही. स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं जवळ ठेवली तर तोही प्रश्न मिटतो. रिमफायर (२२ सारखी, जिथे पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आपटते) असेल तर रिकामी मारूच नका, फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

आता हॅमर, म्हणजे मागचा खटका, अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा आणि सिलिंडरकडे लक्ष द्या. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आधी किंवा फार तर त्याच क्षणी सिलिंडर टक करून लॉक झाला पाहिजे. हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून लॉक झालेला नाही, बोटाने थोडा ढकलल्यावर मग टक झालं, तर टायमिंग गेलंय. हे सगळ्या घरांवर करायचं, एकावर करून समाधान मानायचं नाही, कारण कधी कधी सहापैकी एकच घर आळशी असतं. टायमिंग गेलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीच्या बरोबर मध्ये न जाता कडेला घासून जाते आणि शिशाचे बारीक तुकडे बाजूला उडतात, शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या गालावर सुद्धा.

मग हॅमर मागे असताना अंगठ्याने मागून जरा जोर द्या, तो ट्रिगरशिवाय पडता कामा नये. पडला तर व्यवहार संपला. त्यानंतर अंगठ्याने हॅमर आवरत ट्रिगर ओढा, हॅमर अलगद खाली येऊ द्या, ट्रिगर तसाच दाबून धरा आणि सिलिंडर हलवून बघा. डावी-उजवीकडे अगदी किंचित हलला तर चालतो, खुळखुळला तर नाही. पुढे-मागेही ढकलून बघा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजता येते, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असली की ठीक.

सिलिंडर बाहेर उघडतो तो जो हात असतो, क्रेन म्हणतात त्याला, तो बंद केल्यावर फ्रेमला घट्ट बसतो का बघा. सिनेमात मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतात ना, तसं खरोखर करणाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरची क्रेन वाकते, आणि एकदा वाकली की टायमिंग, फट, सगळंच बिघडत जातं. शेवटी टॉर्च लावून नळीचा मागचा भाग, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून शिरते, तो बघा. ३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या हलक्या वेगवान गोळ्या भरपूर उडवल्या असतील तर काही मॉडेलमध्ये तिथे, खालच्या बाजूला, बारीक चीर पडलेली असते. केसासारखी रेघ दिसली तरी ठेवून द्या.

एक जुन्या सिंगल ॲक्शनबद्दल, म्हणजे जिथे प्रत्येक वेळी हॅमर हाताने ओढावा लागतो तिच्याबद्दल. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर खाली असताना फायरिंग पिन थेट काडतुसावर टेकलेली असते, खाली पडली की बार होऊ शकतो. म्हणून जुने जाणकार हॅमरखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरतात. रूगरने १९७३ पासून ट्रान्सफर बारची व्यवस्था आणली, त्यात ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा धक्का पिनपर्यंत पोचत नाही. सिंगल ॲक्शन घ्यायची असेल तर ही व्यवस्था आहे का ते आधी विचारा.

प्रश्न: आणि सेमी-ऑटो, म्हणजे बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारं पिस्तूल असेल तर?

क्रम लक्षात ठेवा, आधी मॅगझीन काढायची, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढायची, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं) डोळ्याने आणि बोटाने खात्री करायची. उलटं केलं, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझीन मग काढली, तर सोडताना स्लाइडने नवीन राउंड चेंबरमध्ये घातलेला असतो आणि माणूस समजतो की रिकामं झालं. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या अपघातांत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते.

रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर ओढा आणि सोडू नका, तसाच दाबून धरून स्लाइड मागे ओढून सोडा. दिसणारा हॅमर असेल तर तो मागेच राहिला पाहिजे. मग ट्रिगर हळू सोडा, टिक असा रिसेट जाणवेल, पुन्हा ओढल्यावरच हॅमर पडला पाहिजे. स्लाइडबरोबर हॅमरही पडला तर ते पिस्तूल एका ओढीत दोन-तीन राउंड उडवू शकतं, हात लावू नका. सेफ्टी असेल तर ती लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा, आणि या सगळ्यात हॅमर पडता कामा नये.

नळी बाहेर काढून उजेडाकडे धरा. त्याआधी एकदा ब्रश फिरवून द्यायला सांगा, कारण आतल्या मळाखाली गंजाचे खड्डे लपतात, आणि साफ करू न देणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही. आतल्या रेषा धारदार हव्यात. मध्येच एखादी काळी गोल रिंग दिसली तर समजा नळी तिथे फुगलीये, कमी बारुदाच्या काडतुसाची गोळी आत अडकली आणि मागून कोणीतरी दुसरी मारली असं बहुतेक झालेलं असतं. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बारूद पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचा क्षार मागे राहतो आणि हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून तशा काळातल्या पिस्तुलाची नळी जास्तच बारकाईने बघा. थोडे उथळ ठिपके असले तरी नेम चांगला लागतो, ते किंमत पाडायला वापरा.

स्प्रिंग जुना असणं हा दोष नाही, तो बदलायचाच भाग आहे. पिस्तूल अडकतंय म्हणून कोणी स्वस्तात काढत असेल तर बहुतेक वेळा मॅगझीनचे ओठ वाकलेले किंवा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारा) दमलेला निघतो, दोन्ही किरकोळ खर्चात सुटतं. पण फ्रेमला चीर, स्लाइडला चीर, हे किरकोळ नाही.

प्रश्न: लायसन्सवर ९ एमएम लिहिलंय, पिस्तुलावरही ९ एमएम. एवढं पुरे ना?

नाही. ९x१९ म्हणजे पॅराबेलम किंवा लुगर, ९x१८ मकारोव, ९x१७ ज्याला ३८० किंवा ९ एमएम कुर्झ म्हणतात, सगळ्यांना लोक सरसकट ९ एमएमच म्हणतात आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. मकारोवची तर गोळीही पॅराबेलमपेक्षा थोडी जाड. नळीवर जे कोरलंय तेच काडतुसाच्या डब्यावर हवं.

३८ चाही असाच घोळ आहे. ३८ स्पेशल आणि ३८ एस अँड डब्ल्यू ही दोन वेगळी काडतुसं, स्पेशल लांब आणि जरा बारीक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनवलेल्या ३८ च्या बऱ्याच रिव्हॉल्व्हर नंतर कोणीकोणी घरं खोल करून स्पेशलसाठी ‘बदलल्या’. त्यात स्पेशल बसतं आणि उडतंही, पण घराचा मागचा भाग मुळातच रुंद असल्यामुळे काडतुसाचं कवच फुगतं, कधी फाटतं. अशी कोणी विकत असेल तर उडवलेलं एक कवच मागून बघा, बुडाशी फुगलेलं दिसलं की कळतं.

कोरलेलं बघताना प्रूफ मार्क, म्हणजे चाचणीचा शिक्काही शोधा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे, आणि ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम अशा देशांत विक्रीआधी बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून मग शिक्का मारतात. अमेरिकेत तशी सरकारी सक्ती नाही, तिथे कंपन्या आपापली चाचणी करतात, त्यामुळे अमेरिकन पिस्तुलावर सरकारी शिक्का नाही म्हणून घाबरू नका.

प्रश्न: एक रिव्हॉल्व्हर अगदी नव्यासारखी चमकतेय, दुसरीचा रंग उडालाय, किमतीत मात्र थोडाच फरक. कुठली?

स्क्रू बघा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर घरच्या घरी कोणीतरी उघडून खटपट केलीये, आणि आत काय घासलंय ते देव जाणे. मग कोरलेली अक्षरं बघा, त्यांच्या कडा गोलावलेल्या आणि अक्षरं अर्धवट पुसट असतील तर ती पॉलिश करून पुन्हा ब्लू केलीये (निळसर-काळा थर दिलाय), खाली गंजाचे खड्डे होते म्हणूनच बहुधा. रंग उडालेली पण स्क्रू कोरे, कडा धारदार, आतून घट्ट, अशी असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन.

प्रश्न: घरात सुरक्षेसाठी घ्यायचीये. मुलगा कॉलेजला आहे, गेले काही महिने डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. कुठलं मॉडेल सुचवाल?

आत्ता कुठलंच नाही. हे पत्र वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

घरात बंदूक असली की त्या घरातल्या माणसांचा आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. याचं कारण असं, की तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो, आणि बाकीच्या मार्गांत वाचायची संधी राहते पण बंदुकीने केलेले दहापैकी जवळपास नऊ प्रयत्न जीव घेतात. तुम्ही तिजोरीत ठेवाल, किल्ली लपवाल, पण घरातल्या मुलाला किल्ली कुठे असते हे माहीत असतं. दाराला चांगलं कुलूप, बाहेर दिवा, शेजाऱ्यांशी बोलणं, यावर तोच पैसा लावा. आधीच घरात एखादी असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत कायद्याने परवानगी असेल तिथे, अधिकृत डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात, जमा करा. मुलाशीही बोला, थेट विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच्या डॉक्टरांनाही कळवा, आणि तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत घ्या.

प्रश्न: सगळं बघून घेतलं. आता घरी आणल्यावर आणि पहिल्यांदा रेंजवर गेल्यावर काय करायचं?

शक्य असेल तर पैसे पूर्ण द्यायच्या आधीच रेंजवर उडवून बघायची अट घाला, किंवा निदान ठराविक दिवसांत परत करायची मुभा लेखी घ्या. चांगला डीलर याला नाही म्हणत नाही. विकणारा सोबत स्वतः घरी भरलेली काडतुसं फुकट देत असेल तर घेऊ नका, त्यात बारूद किती हे फक्त त्यालाच माहीत.

घरी आल्यावर मॅन्युअल शोधा, बऱ्याच कंपन्या जुन्या मॉडेलची मॅन्युअलही फुकट देतात, आणि सिरीयल नंबर सांगून त्या मॉडेलचा काही रिकॉल निघाला होता का तेही विचारता येतं. पूर्ण उघडून साफ करा, जुनं घट्ट झालेलं तेल काढा, रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझीनचे स्प्रिंग नवीन टाका. कागदपत्रांचे आणि नंबराचे फोटो काढून वेगळे ठेवा, चोरी झाली तर पोलिसांना पहिल्यांदा तेच लागतं. हत्यार कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच राउंड. तो नीट उडाला, स्लाइड मागे अडकून राहिली, तर मग दोन भरा आणि एकदाच ट्रिगर ओढा, दोन्ही एकदम उडाले नाहीत म्हणजे आतली यंत्रणा ठीक. मग पाच, मग पूर्ण. एखादा बार फुसका वाटला, आवाज दबका आला, तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीत गोळी अडकलीये का ते बघितल्याशिवाय पुढचा राउंड अजिबात नाही. उडालेली कवचं गोळा करून बघा, फुगलेलं, फाटलेलं किंवा प्रायमरवरचा खड्डा एका कडेला गेलेला दिसला तर ती कवचं तशीच गनस्मिथकडे घेऊन जा, त्याला त्यावरून अर्धं निदान होतं. आणि परत येताना काही खायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुवा, बोटांवर शिसं असतं.